बाराव्या नावापुढची खूण

मला सगळे मेजरबाई म्हणतात. मी मेजर कधीच नव्हते. मेजर आणि माझ्यामध्ये चांगले सात-आठ हुद्दे होते, आणि त्यातला शेवटचा चढण्याची माझी लायकी आहे असं सैन्याला बावीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. निवृत्त होऊन गावी आले, पहिल्याच आठवड्यात बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्या एकाला झापलं, आणि त्या दिवसापासून हे नाव चिकटलं. मीही दुरुस्त केलं नाही. फुकटची बढती कोण परत करतं?

मी पॅराशूट विभागात होते. उड्या मारणाऱ्यांत नव्हे, घड्या घालणाऱ्यांत. लांबच लांब टेबलावर कापड पसरायचं, दोऱ्या एकेक करून सरळ करायच्या, घड्या घालून पिशवीत भरायचं आणि पिशवी बंद करायच्या आधी हत्यारं मोजायची. दोऱ्या ओढायचा एखादा लोखंडी आकडा आत राहिला तर वरच्या माणसाचं काय होईल ते सांगायला नको. शेवटची दहा वर्षं मी तपासनीस होते. घड्या दुसऱ्या मुली घालायच्या, मी बघून कार्डावर सही करायची. माझ्या सहीशिवाय एकही पॅराशूट बाहेर जात नसे. एका नव्या मुलीने हत्यारं न मोजताच ‘मोजली’ अशी खूण केली, तेव्हा मी तिला महिनाभर झाडू मारायला लावलं होतं, वर रोज एक भाषण. खोटी खूण म्हणजे खून, असलं काहीतरी मी बोलायची. भाषणं मला फार छान जमतात.

तर अशी ही मी. निवृत्तीनंतर लागोपाठ दोन वर्षं खोटी खूण केली. तीही स्वतःच्याच नावापुढे.

आमच्या भागात डोंगराच्या अलीकडे-पलीकडे मिळून सैन्यातून निवृत्त झालेल्या बाया बारा. माजी सैनिकांचं हॉस्पिटल शहरात, बसने सहा तासांवर. बस सकाळी जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. म्हणजे छातीची तपासणी करून घ्यायची तर एक मुक्काम आला, आणि तोवर घरच्या गुरांना पाणी कोण दाखवणार? शिवाय ते हॉस्पिटल, त्याचं कार्यालय, सगळं पुरुषांच्या मापाचं. पत्रं येतात ती ‘श्री.’ लावून. फॉर्मवर ‘पत्नीचे नाव’ असा रकाना आहे. आमची वायरलेसवाली तिथे दरवर्षी ‘शोध चालू आहे’ असं लिहून पाठवते. आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

म्हणून मग वर्षातून एकदा मॅमोग्राफीचं मशीन असलेली व्हॅन फाट्यावरच्या शाळेच्या पटांगणात येते. अट एकच. कमीत कमी बारा बायांची तपासणी झाली पाहिजे. एक जरी कमी पडली तरी पुढच्या वर्षी व्हॅन नाही. आता बारा बायांना गोळा कोण करणार? मेजरबाई. कार्यालयाने मला ‘संपर्क प्रमुख’ असं पदही दिलं. ते मी दारावर लावून घेणार होते, पण आमचे हे हसतील म्हणून राहिलं.

मी घरोघर फिरले. ‘घाबरायचं काय त्यात? मुंगी चावल्याएवढंसुद्धा दुखत नाही. पाच मिनिटांचं काम.’ हे मी अशा थाटात सांगायची की जणू रोज सकाळी चहाबरोबर करून घेते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पटांगणात माझं काम असं. बारा नावांचा कागद फळीला लावून व्हॅनच्या मागच्या दाराशी उभं राहायचं. एकेकीला आत पाठवायचं, ती बाहेर आली की नावापुढे खूण करायची. माझं नाव बारावं, कारण प्रमुखाने शेवटी जायचं असतं. शेवटी व्हॅनमधल्या मुलीची खाली सही घ्यायची आणि कागद कार्यालयात धाडायचा. तिथले लोक तो जसाच्या तसा चढवतात. काही सापडलं तरच घरी पत्र येतं. पत्र आलं नाही म्हणजे तब्येत ठणठणीत.

मला दोन्ही वर्षी पत्र आलं नाही. येणार कुठून?

मग यंदा एका मंगळवारी आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. चवळीच्या दाण्याएवढी, काखेकडच्या अंगाला. मी साबण खाली ठेवला, परत चाचपलं. होती. उजवीकडे चाचपलं, नव्हती. मग मी आंघोळ पूर्ण केली, कपडे धुतले, मोरी घासली, भांडी घासली, घासलेली भांडी परत घासली. आमचे हे पुढच्या खोलीत मशीनवर बसले होते. ते शिंपी आहेत. त्यांना काही सांगितलं नाही. गुरुवारी गावच्या दवाखान्यात डॉक्टरीण येते, तिला दाखवलं. तिने दाबून बघितलं, चेहरा अगदी कोरा ठेवला आणि चिठ्ठी लिहून दिली. शहरात दाखवा, लवकर. ‘लवकर’खाली रेघ होती. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

दवाखान्याच्या पायरीवरूनच कार्यालयात फोन लावला.

‘यजमान कोणत्या पलटणीत होते?’ कारकुनाने विचारलं.

‘यजमान शिंपी आहेत. पलटणीत मी होते.’

‘बरं बरं. मग यजमानांचा सेवा क्रमांक सांगा.’

मी माझा सांगितला. त्याने टाइप केला, आणि मग त्याचा आवाज एकदम घरच्यासारखा झाला. ‘अहो, तुमची तपासणी तर झालेली आहे. आठ महिन्यांपूर्वी. त्याच्या आदल्या वर्षीही. सगळं ठीक आहे.’

‘गाठ आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय.’

‘असेल ना. पण आपल्याकडे दोन रांगा आहेत. ज्यांची दोन वर्षांत तपासणी झालेली नाही त्यांना दहा दिवसांत बोलावतो. ज्यांची झालेली आहे त्या साध्या रांगेत. साडेतीन महिने.’

‘गाठ आत्ता आहे.’

‘हो, पण आठ महिन्यांपूर्वी नव्हती ना. तसं कार्डावर आहे.’

‘कार्डावर कुणी लिहिलं?’ मी विचारलं. चोराच्या मनात चांदणं.

‘संपर्क प्रमुखांच्या यादीवरून. त्या फार चोख आहेत म्हणे, सैन्यात तपासनीस होत्या.’

मी विचारलं, समजा एखादी खूण चुकीची असेल तर? तो म्हणाला, मग लेखी द्यावं लागतं. नाव लवकरच्या रांगेत जातं, पण सगळ्या यादीची चौकशी लागते, आणि चौकशी मिटेपर्यंत त्या भागातली व्हॅन बंद. कधी वर्ष लागतं, कधी दोन. ‘का हो, काही विशेष?’ मी म्हटलं, नाही, सहज.

म्हणजे कोंडी झाली. गप्प बसावं तर ती चवळी साडेतीन महिने माझ्या छातीत आरामात वाढणार. तोंड उघडावं तर बाकी अकरा जणींची व्हॅन जाणार, जिच्यासाठी मी त्यांना दारोदार फिरून पटवलं होतं. आणि हे सगळं कुणी केलं, तर दुसऱ्या कुणी नाही.

आता मी ती खूण का केली ते सांगायला हवं. याचे दोन प्रकार आहेत. पहिला मी स्वतःला सांगत आले तो. पहिल्या वर्षी अकरा जणी झाल्या, माझा नंबर यायच्या वेळेला व्हॅनला निघायची घाई होती, बारा भरले नाहीत तर पुढच्या वर्षी बायांचे हाल होतील, म्हणून मी त्यागभावनेने खूण केली. हा प्रकार इतका सुंदर आहे की दोन वर्षं माझा त्यावर विश्वास होता.

दुसरा खरा. अकरावी बाहेर आली, व्हॅनमधल्या मुलीने हाक मारली, ‘चला बाई, तुम्हीच राहिलात’, आणि मी म्हटलं, ‘अगं, बायांना प्यायला पाणी नाही, तेवढी घागर भरून आणते.’ विहीर शाळेच्या मागे. मी घागर भरली. व्हॅन अजून उभी होती. मी घागर ओतली आणि परत भरली. तिसऱ्यांदा भरत होते तेव्हा ड्रायव्हरने हॉर्न वाजवला आणि मी धावत आले, धापा टाकत, फार कामात असल्यासारखी. मुलगी म्हणाली, आता उशीर झाला. मी म्हटलं, असू दे गं, माझं काय एवढं. खूण केली, तिने न बघता सही केली. दुसऱ्या वर्षी घागरीऐवजी खुर्च्या मोजत होते. शाळेच्या खुर्च्या. चौतीस होत्या.

घाबरले होते, बस. माझी मावशी याच दुखण्याने गेली. शेवटचे तीन महिने तिच्या खोलीचं दार बंद असे आणि आम्हा मुलांना आत सोडत नसत. मी अकरा वर्षांची होते. पुढे सैन्यात चारशे पुरुष आणि आम्ही नऊ बाया. तिथे एकदा पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेले तर आठवडाभर मेसमध्ये ‘बायकी दुखणं’ म्हणून हसू चाललं होतं. नंतर बावीस वर्षांत परत गेले नाही. सदरा एक माप मोठा घालायचा, दुखलं तर दात आवळायचे. इतकी वर्षं छाती नाहीच असं वागल्यावर एकदम कुणासमोर तरी ती काढून मशीनवर ठेवायची? माझ्याने झालं नाही. हे मी आज सांगतेय. तेव्हा मला खुर्च्या मोजणं फार गरजेचं वाटलं होतं.

दोन दिवसांनी आमच्या ह्यांना कळलं. लपवायचं म्हटलं तरी शिंप्याशी लग्न केल्यावर काय लपणार. मी सदरा सैल करायला दिला, डावीकडे जास्त.

‘डावीकडेच का?’ त्यांनी टेप गळ्यात अडकवत विचारलं.

मी सगळं सांगितलं. गाठ, चिठ्ठी, रांगा, घागर, खुर्च्यासुद्धा. ते बराच वेळ कापडावर खडूने काही न काढता खडू फिरवत राहिले.

‘म्हणजे दोन वर्षं मला सांगितलंस की तपासणी झाली.’

‘हो.’

‘मी लोकांना सांगायचो. आमच्या हिने बारा जणींचं करून आणलं.’ मग ते म्हणाले, ‘लिही. बस इथे आणि लिही.’

मी बसले. पहिला मसुदा असा झाला: ‘सदर यादीतील अनुक्रमांक बारा येथील खूण कार्यबाहुल्यामुळे अनवधानाने झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ त्यांनी वाचला आणि विचारलं, हे कुणी केलंय, तू का सरकारने? दुसऱ्या मसुद्यात अनवधान गेलं, पण घागर आली, आणि घागरीचं वर्णन चांगलं पाऊण पान झालं. तिसरा दोन ओळींचा. ‘मी माझ्या नावापुढे दोन वर्षं खोटी खूण केली. मी तपासणीला घाबरले होते.’ त्यांनी कागद घडी करून माझ्या पिशवीत ठेवला आणि म्हणाले, सोमवारी मी सोबत येतो. मी म्हटलं, आधी बायांना सांगते. त्यांची व्हॅन जाणार आहे, त्यांना माझ्या तोंडून कळू दे.

अकरा घरी जायची माझी छाती नव्हती. (ही छाती निराळी.) म्हणून पहिल्यांदा आचारीणबाईकडे गेले. ती पलटणीच्या स्वयंपाकघरात होती, तीनशे माणसांचं रांधायची. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण मला अगं-तुगं करते आणि गावात मला मेजरबाई न म्हणणारी ती एकटीच. डोंगराच्या पलीकडे एकटी राहते, दोन म्हशी आणि एक मांजर. मी गेले तेव्हा ती ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. मला बसायला सांगितलं आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. तिच्याकडे रिकाम्या हाताने बसायची सोय नाही.

मी सांगितलं. गाठीचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. खुणेचं सांगितलं तेव्हा परत सुरू झाले.

‘ते मला माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘काय माहीत आहे?’

‘पहिल्या वर्षी मी विहिरीच्या मागे होते. तू घागर ओतून परत भरत होतीस. आधी वाटलं, बाईला वेड लागलं. मग कळलं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘मी तिथे काय करत होते ते नाही विचारलंस.’

ती शेंगा सोलत सोलत सांगायला लागली, अगदी रोजच्या आवाजात. तिचा नंबर दहावा होता. मी तिला आत पाठवलं आणि अकराव्या बाईची पिशवी धरायला वळले. तिने आत त्या मुलीला सांगितलं, मला उलटी होतेय, जरा मोकळ्या हवेत जाऊन येते, तोवर पुढचीला घे. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराने उतरली, वळसा घालून सदऱ्याची बटणं लावत माझ्यासमोरून गेली, आणि मी खूण केली. आतली मुलगी घाईत तिला विसरूनच गेली. मग ती विहिरीमागे जाऊन बसली, जरा हिंमत गोळा करून परत जाऊ म्हणून.

‘परत जाणार होते मी,’ ती म्हणाली. ‘खरंच जाणार होते. तेवढ्यात तू आलीस घागर घेऊन.’

‘म्हणजे?’

‘अगं, जिच्या सहीवर माणसं विमानातून खाली उडी टाकायची ती बाई. तू जिथे सही केलीस तिथे कुणी दुसऱ्यांदा बघायचं नाही. आणि तू स्वतः त्या व्हॅनमध्ये जात नाहीस. मी म्हटलं, हिला आतलं काहीतरी ठाऊक असणार. हिचं जिथे जायचं धाडस नाही तिथे मी कोण? गेले घरी.’

‘आणि दुसऱ्या वर्षी?’

‘दुसऱ्या वर्षीही तशीच उतरले आणि तुला बघत बसले. खुर्च्या किती झाल्या?’

‘चौतीस,’ मी म्हटलं.

तिने शेवटची शेंग सोलली, टरफलं पाटीत लोटली आणि हात झटकून उठली. ‘कागद दे. खाली माझंही नाव लिहिते.’ तिने लिहिलं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, याचंही मला त्या क्षणी वाईट वाटलं, असा माझा स्वभाव.

बाकीच्या दहा जणींकडे आम्ही दोघी मिळून गेलो. सिस्टरने, म्हणजे सैन्यात नर्स होती तिने, मला दारातच उभं करून चांगलं सुनावलं आणि ते मी सैन्यातल्या सवयीने पाय जुळवून ऐकलं. वायरलेसवाली म्हणाली, व्हॅन बंद झाली तर तुझ्या पाठीवर बसून शहरात जाईन. एकीने काहीच न बोलता दार लावलं. ते सगळ्यात लागलं.

सोमवारी आम्ही तिघं, मी, आचारीणबाई आणि आमचे हे, कार्यालयात. फोनवरचा कारकून निघाला पन्नाशीचा, गुबगुबीत, अगदी सज्जन. त्याने आमच्या ह्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, ‘बोला साहेब, कोणत्या पलटणीत?’ हे म्हणाले, मी फक्त पिशवी धरायला आलोय.

कारकुनाने कागद वाचला. परत वाचला. मग उठून दार लावून घेतलं. त्याच्या डोक्यावर भिंतीला एक मोठी ढाल होती: ग्रामीण महिला माजी सैनिक तपासणी, शंभर टक्के, दोन वर्षं सलग. मी तिच्याकडे बघितलं, त्यानेही बघितलं. त्या शंभरातले निदान काही टक्के विहिरीवर होते, हे आम्हा दोघांनाही समजलं.

‘असं करू,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘चौकशी कशाला? मी लिहितो, संगणकात नाव चुकून चढलं. तुम्ही दोघी लवकरच्या रांगेत, व्हॅन चालू, कुणाला त्रास नाही.’

खोटं कशाला बोलू, मी मान हलवायच्या बेतात होते. गाठीचं काम होत होतं, व्हॅन वाचत होती, माझं नाव वाचत होतं. आणि काय लागतं माणसाला? मग माझ्या डोक्यात आलं की आमच्या दोघींचंच मला माहीत आहे. बाकीच्या दहा खुणा मीच केल्या होत्या, पिशव्या सांभाळत, पाठ वळवून. त्यातल्या किती खऱ्या ते मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि ज्यांना पत्र आलं नाही त्या सगळ्या घरी ठणठणीत बसलेल्या.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘आहे तसंच चढवा. आणि सगळ्यांना परत विचारा.’

कारकुनाने कपाळावरचा घाम पुसला आणि फॉर्म काढला. त्यातही ‘पत्नीचे नाव’ होतं. आचारीणबाईने तिथे मांजराचं लिहिलं.

दहाव्या दिवशी आम्ही शहरात. आत आधी मी गेले. ते मशीन थंडगार असतं आणि वरून एक फळी दाबते. दुखतं. चांगलं दुखतं, आणि ज्या बाईने मुंगीची गोष्ट पसरवली तिला धरून आणायला पाहिजे असं मला वाटलं. पण पाच मिनिटांचं काम, हे खरं निघालं. मग सोनोग्राफी, मग सुई. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, पाण्याची गाठ आहे, त्यात काही नाही, सुईनेच पाणी काढून टाकलंय. मी बाकावर बसले आणि रडले. आमचे हे माझी पाठ थोपटत होते आणि तेही रडत होते. एवढं रडू कशाचं येत होतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण सुटल्याचं होतं, नक्की सुटल्याचंच होतं.

मग आचारीणबाई बाहेर आली. तिला गाठ नव्हती. काही दुखत नव्हतं. ती फक्त माझ्या सोबतीला म्हणून रांगेत होती. डॉक्टरांनी तिला दुसऱ्यांदा आत नेलं, परत फोटो काढले, सुई घातली, आणि चार दिवसांनी परत बोलावलं.

चार दिवसांनी मीच तिच्याबरोबर गेले, आदल्या रात्री शहरात मुक्काम करून. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. अगदी आत, हाताला लागणार नाही असं. कॅन्सर आहे, म्हणाले. अंदाजे दोनेक वर्षांचं असावं. तेव्हा फोटो काढला असता तर बारीकसा ठिपका दिसला असता आणि छोट्या शस्त्रक्रियेवर भागलं असतं. आता छाती काढावी लागेल, नंतर औषधं. बरं होण्याची आशा चांगली आहे, पण खात्रीने सांगता येत नाही.

दोन वर्षं. मला हिशेब करायची गरज नव्हती.

बाहेर पडलो. हॉस्पिटलच्या फाटकाशी बसची वाट बघत एका कट्ट्यावर बसलो. मी तोंड उघडलं की भाषण येतं, पण त्या दिवशी येईना. शेवटी म्हटलं, ‘माझ्यामुळे झालं.’

‘कॅन्सर तुझ्यामुळे झाला?’ ती म्हणाली. ‘तेवढा मान नाही देणार मी तुला.’

‘तू परत जाणार होतीस. मी आले म्हणून गेली नाहीस.’

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, प्यायली, मला दिली नाही.

‘हो,’ ती म्हणाली. ‘ते आहे. राग आलाय मला तुझा. केवढा आलाय ते तुला नाही कळायचं. पण आता रागवायला बसले तर म्हशींचं कोण बघेल, मला इथे कोण आणेल, औषधाच्या वेळा कोण सांभाळेल? मला तू लागणार आहेस. म्हणून सांगून ठेवते. हे सगळं होऊ दे. मी बरी झाले की त्या दिवसापासून वर्षभर तुझ्याशी बोलणार नाही. वाटेत भेटलीस तरी तोंड फिरवीन.’

मी म्हटलं, ‘एकच वर्ष?’

‘मग किती?’

‘दहा धर,’ मी म्हटलं. ‘पंधरा धर. तोंड फिरवून का होईना, माझ्यासमोरून जा, रोज जा. मी काही म्हणणार नाही.’

तिने बाटली पुढे केली. बस आली. मी तिची पिशवी घेतली आणि तिला खिडकीची जागा दिली.